काळा कातळ, पाऊस आणि वाट : माझ्या चित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनाच्या दालनात आठवडाभर उभे राहिले की तेच दहा-पंधरा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. गर्दीत त्यांची नीट उत्तरे देणे जमतेच असे नाही, म्हणून ती येथे सावकाश लिहून ठेवली आहेत.

आपण नेमके काय रंगवता? वारसास्थळे, निसर्ग की प्रवासातील दृश्ये?

हे विचारणाऱ्याला बहुधा तिघांपैकी एकच नाव हवे असते, आणि ते मला देता येत नाही. सह्याद्रीतील लेणी ज्या कातळात कोरली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेल्या लाव्हाचा आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, जिच्या पायथ्याशी आज इमारतींची दाटी झाली आहे, तीही त्याच उलथापालथीची खूण आहे. या कातळात लेणी खोदली गेली त्यामागे पाऊसही होता, कारण बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढावे लागत आणि त्या वर्षावासाला कोरडा आसरा लागे. बरीचशी लेणी आहेत ती कोकणातील बंदरांतून घाटावर जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटांच्या आसपास. कातळ, पाऊस आणि वाट या तिन्ही गोष्टी तिथे एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की वारसा कुठे संपतो आणि निसर्ग कुठे सुरू होतो हे मला बावीस वर्षांत कळलेले नाही.

आपल्या घराजवळचे उदाहरण द्यायचे तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कण्हेरी. हे नाव ‘कृष्णगिरी’वरून आले, म्हणजे काळा डोंगर. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या डोंगरावर चैत्यगृह पाहून लोक परततात, पण मला तिथली पाण्याची टाकी अधिक खेचतात. लेण्यांतील शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि ती कुणी दान दिली हेही कोरून ठेवले आहे. छतावरून ओघळणारे पाणी कोरीव पन्हाळीतून पोढीत कसे उतरते ते पाहायचे असेल, तर जुलैत जावे. माझ्या एका चित्रमालिकेचे नाव ‘पोढी’ आहे ते यामुळेच. त्या मालिकेतील चौदा चित्रांत एकही मूर्ती नाही, याबद्दल काही जणांनी नाराजी कळवली आहे.

म्हणजे आपण लेण्यांतील चित्रांच्या व शिल्पांच्या प्रतिकृती करत नाही?

करत नाही, मात्र प्रतिकृती करणाऱ्यांविषयी मला अतिशय आदर आहे. १८१९ मध्ये अजिंठा लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस पडल्यावर तेथील चित्रांच्या नकला करण्याचे मोठे प्रयत्न झाले. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत तिथे जाऊन काम करत राहिले, आणि त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. दोन वेळा केलेले काम दोन वेळा आगीत जावे, आणि ज्यांच्या नकला केल्या ती भिंतीवरची मूळ चित्रे मात्र दीड हजार वर्षे ओल, वटवाघळे आणि माणसे सोसून थोडीफार उरावीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

अजिंठ्याकडून मी घेतली आहे ती कृती. तिथे कातळावर आधी माती, भाताचा तूस, गवताचे तंतू व शेण यांचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे, आणि रंग लावले आहेत ते गिलावा सुकल्यानंतर, चिकट द्रव्यात कालवून. ओल्या चुन्यावर रंगवण्याची जी पद्धत युरोपात रूढ होती तिच्याहून ही वेगळी. लाकडी फळीवर मी असा गिलावा करून पाहिला तेव्हा पहिल्या तीन फळ्यांना सुकताना भेगा पडल्या. चौथ्या फळीत तूस वाढवला आणि थर नखाएवढा पातळ ठेवला, तेव्हा तो टिकला. आता त्या भेगा मी मुद्दाम पाडते, तो भाग वेगळा.

चित्रे प्रत्यक्ष जागेवर काढता की छायाचित्रांवरून?

लहान चित्रे जागेवर, मोठी स्टुडिओत. पण मोठ्या चित्रामागे जागेवरची किमान सात-आठ कच्ची चित्रे असतात. छायाचित्र मी घेते ते खांब किती आणि पायऱ्या किती हे विसरायला नको म्हणून. रंगासाठी त्याचा उपयोग होत नाही. कोरडा कातळ करडा-तपकिरी दिसतो, तोच भिजला की निळसर काळा होतो, आणि अर्धवट वाळत असताना त्यावर जे पट्टे उमटतात ते मोबाइलच्या कॅमेऱ्याला एकसारखे काळे दिसतात.

जागेवर बसण्याचे धोकेही आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताने परत वर उडते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. हे मला ठाऊक होते, तरी पहिल्यांदा गेले तेव्हा छत्री नेहमीसारखी डोक्यावर धरून कड्यापासून बऱ्याच अंतरावर बसले. वरून थेंबही पडत नव्हता. दहा मिनिटांनी कागदाची पाठ ओली लागली, मग फळी, मग मांडी. पाणी खालून येत होते. आकाशासाठी दिलेला निळ्या रंगाचा हात कागदाच्या खालच्या कडेपासून वर विरघळत गेला आणि मी तो थांबवू शकले नाही. ते चित्र फेकून दिलेले नाही, आणि ते विक्रीला नाही.

त्याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, ज्यातील अंकांना संख्यालेखनाच्या इतिहासात मोठे मोल आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा गेल्या, वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे थोडेसे अवशेष राहिले. बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना त्या पावलांसमोर मी दोन तास बसले होते. ‘पावले’ हे चित्र त्यातून झाले.

लेण्यांमध्ये बसून चित्र काढायला परवानगी लागते का?

वही आणि पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला मला तरी कुणी अडवलेले नाही. छायाचित्रणासाठी तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारण्यास मनाई आहे. ईझल उभा करण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे, आणि रंगाचे पाणी तिथे ओतू नये, हे सांगावे लागू नये, पण सांगते. घारापुरी, कण्हेरी व अजिंठा सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. हे न पाहता निघालेली एक व्यक्ती मीच आहे.

‘इंद्रवज्र’ या चित्रातील गोल इंद्रधनुष्य खरे आहे की कल्पनेतील?

खरे आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि समोरच्या दरीत धुके भरलेले असले, तर आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसतात. धुक्यातील अतिसूक्ष्म जलबिंदूंमुळे प्रकाश मागे वळताना रंगांत विभागला जातो, त्यातून ही कडी होतात, आणि तांबडा रंग बाहेरच्या बाजूला असतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या दृश्याचे वर्णन १८३५ सालच्या लेखनात केलेले आहे. इंद्रधनुष्याहून हे कडे बरेच लहान असते.

चित्रकाराला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. कड्यावर चार माणसे शेजारी उभी असली तरी प्रत्येकाला कडे दिसते ते स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती. शेजाऱ्याचे कडे आपल्याला दिसत नाही. म्हणजे हे दृश्य रंगवताना रंगवणाऱ्याची सावली टाळता येत नाही; ती टाळली तर चित्र खोटे ठरते. मी चौथ्या खेपेला गेले तेव्हा ते दिसले, जेमतेम तीन-चार मिनिटे, आणि त्या वेळात हातून एवढेच झाले की पेन्सिलीने एक गोल काढून त्यात ‘तांबडा बाहेर’ असे लिहिले. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जी अस्पष्ट काळी आकृती दिसते आणि जिला अनेक जण ‘साधू’ समजतात, ती झोळी अडकवून उभी असलेली मी आहे.

लोणार सरोवर गुलाबी झाले होते, त्याचे चित्र आपल्या संग्रहात का नाही?

कारण मी ते गुलाबी झालेले पाहिले नाही. उल्कापाताने कठीण काळ्या कातळात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आणि त्यातील खारे, अल्कधर्मी पाणी मी तीन वेळा रंगवले आहे. जून २०२० मध्ये मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाण्याचा रंग पालटला तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते आणि मी गिरगावात घरात होते. त्या वेळी छायाचित्रे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. त्यांवरून चित्र करून देण्याची मागणीही झाली. गुलाबी रंग पॅलेटवर कालवायला अवघड नाही. त्या दिवशी काठावर वास कसा होता, पाण्याची कड कुठे पांढरी पडली होती, हे कळल्याशिवाय मात्र तो कागदावर उतरवण्याची माझी तयारी नव्हती.

कारवीच्या फुलोऱ्याचे मोठे चित्र विकत मिळेल का?

ते विकले गेले. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवी आठ वर्षांनी एकदाच एकत्र फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. त्यामुळे पुढचे चित्र २०३२ मध्ये.

आपण मातीचे रंग स्वतः तयार करता असे ऐकले. ते कसे?

सगळे नाही. लाल, पिवळा आणि पांढरा घरी करते. निळा तयार विकत घेते. अजिंठ्याच्या चित्रकारांचा निळा अफगाणिस्तानातील लाजवर्द दगडापासून यायचा, तो मला परवडणारा नाही.

गेरूची कृती सांगते, कारण तीच अधिक विचारली जाते. गेरूची ढेकळे खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करावीत आणि पूड पातेलीभर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबावे. जड वाळू तळाशी बसते. वरचे लाल पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावे. असे तीन-चार वेळा केल्यावर शेवटच्या पातेल्यात जो गाळ रात्रभर निवळतो, तो वाळल्यावर चिमटीत चोळला तरी कण लागत नाही. मग जाड काचेवर त्यात डिंकाचे पाणी, थोडा मध आणि लवंगेच्या तेलाचा एक थेंब घालून काचेच्या वरवंट्याने घोटावे. घोटताना सुरुवातीला करकर आवाज येतो. तो हळूहळू दबतो आणि वरवंटा काचेला चिकटून ओढल्यासारखा वाटू लागतो, तेव्हा रंग झाला. मध रंगाला ओलसर ठेवतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की मध नेहमीएवढा घातला तर रंग आठवडाभर वाळत नाही. जून ते सप्टेंबर मी तो निम्मा करते.

काळ्यासाठी काजळी धरते, पण ती तेलकट असल्याने पाण्यावर तरंगते. स्पिरिटचे चार थेंब टाकून भिजवावी लागते. कातळाचा काळा मात्र काजळीने येत नाही, तो मेलेला दिसतो. गेरू आणि गडद निळा यांच्या मिश्रणातून येणारा काळा जिवंत राहतो.

एक विनंती. लेण्यांतून किंवा राष्ट्रीय उद्यानातून माती, दगड काहीही उचलून आणू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, पण गेरू बाजारात स्वस्त मिळत असताना त्याची गरजही नाही.

हे रंग उडत नाहीत का?

मातीचे रंग उडत नाहीत. लेण्यांच्या भिंतींनी ते सिद्ध केले आहे. हळद, पळस यांसारखे वनस्पतींचे रंग उन्हात फिके पडतात, म्हणून मी ते विकण्याच्या चित्रांत वापरत नाही. प्रत्येक नव्या रंगाची पट्टी कागदावर ओढून तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकते आणि ती सहा महिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवते. झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरक दिसला तर तो रंग बाद.

मुंबईच्या दमट हवेत चित्र कसे सांभाळावे?

चित्रांचे नुकसान उन्हापेक्षा येथे ओलीने अधिक होते. हवेतील आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्या शहरात पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याहून अधिकच असते. त्यामुळे चित्र पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नये. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे लहान तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा खेळते. काच थेट कागदाला टेकू नये, मध्ये माउंट हवाच.

माउंट आम्लविरहित पुठ्ठ्याचा आहे ना, हे फ्रेमवाल्याला स्पष्ट विचारावे. माझीच सहा चित्रे मी एकदा घाईत एका ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे टाकली. दोन वर्षांनी त्यांतील एक चित्र परत पाहिले, तर माउंटच्या कापलेल्या कडेला लागून कागदावर चहाच्या डागासारखी पिवळी रेघ उमटली होती. स्वस्त पुठ्ठ्यातील आम्लाने कागद जळला होता. ती रेघ निघत नाही. दोष त्याचा जितका, तितकाच न विचारणाऱ्या माझाही.

बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नयेत. चित्र फ्रेममधून काढून कोरड्या, वाहत्या हवेत ठेवावे आणि मग कळवावे.

आपण वारली किंवा पिंगुळीच्या चित्रकथीच्या शैलीत चित्रे काढून द्याल का?

नाही. वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे ती त्या प्रदेशाचीच असल्याची कायदेशीर नोंद, मिळालेला आहे, आणि ती काढणारी माणसे पालघर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या लोकलच्या पल्ल्यावर, आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या घरी चित्रकथीच्या पोथ्या पाहायला मिळतात, आणि पोथीतले एकेक पान समोर धरून गाऊन सांगितलेली कथा ऐकल्यावर ती चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच हे ध्यानात येते. त्यांच्याकडून मी खूप शिकले आहे, विशेषतः मोठे डोळे आणि रिकामी पार्श्वभूमी यांतून ताण कसा निर्माण होतो हे. पण त्यांची शैली उचलून माझी सही करणे मला जमणार नाही. तशी चित्रे हवी असतील तर कृपया त्यांच्याकडूनच घ्यावीत.

सांगितलेल्या विषयावर चित्र करून मिळते का, आणि त्याचे हक्क कुणाकडे राहतात?

स्थळ सांगितल्यास आणि तिथे जाऊन येण्याचा वेळ दिल्यास मिळते. रंगसंगती सोफ्याशी जुळवून देत नाही.

हक्कांबाबत बरेच गैरसमज आहेत. तयार चित्र विकत घेतले म्हणजे ती वस्तू आपली होते; तिच्या प्रती छापण्याचा हक्क त्यात आपोआप येत नाही, तो चित्रकाराकडे राहतो. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार मोबदला देऊन मागणीवरून करवून घेतलेल्या चित्राचे मात्र, वेगळा करार नसेल तर, पहिले हक्कधारक मागणी करणारे असतात. हे अनेक चित्रकारांनाही माहीत नसते. म्हणून अशा कामात मी एका पानाचा लेखी करार आधीच करते, आणि पुनर्मुद्रणाचा हक्क स्वतःकडे ठेवते.

किमती कशा ठरवता?

आकार, माध्यम आणि लागलेले महिने यांवरून. प्रवासखर्च वेगळा लावत नाही.

मूळ चित्रे कुठे पाहता येतील?

समूह प्रदर्शनांत, मुख्यतः काळा घोडा परिसरातील दालनांत. १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात एकट्याचे प्रदर्शन मिळवण्यासाठी अर्ज करून बरीच वर्षे थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे, कारण रांग सगळ्यांना सारखी आहे. माझा क्रमांक लागला की येथे कळवीन.

मुलांना किंवा नवशिक्यांना या प्रकारचे चित्र शिकायचे असेल तर मुंबईत सुरुवात कुठून करावी?

घारापुरीपासून, आणि रंग न नेता. गेटवेहून लाँचने जावे, मुख्य लेण्यात शिरावे आणि एकाच खांबाजवळ दिवसभर बसावे. हे लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे आहे, आणि सदाशिवाची प्रचंड त्रिमुखी मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत आहे. त्यामुळे तिच्यावर पडणारा उजेड जमिनीवरून आणि खांबांवरून उसळून येतो. सकाळी एका गालावर असलेली सावली दुपारनंतर दुसऱ्या गालावर जाते. दर तासाला फक्त त्या सावलीची कड काढावी. संध्याकाळच्या लाँचपर्यंत पाच-सहा चित्रे होतात आणि शिकवायला फारसे उरत नाही.

तेवढे लांब जाणे शक्य नसेल तर परळला जावे. १९३१ मध्ये तिथे रस्त्याच्या कामात सुमारे साडेतीन मीटर उंचीची एक शिवप्रतिमा सापडली, जी आता बारादेवी मंदिरात आहे. एका आकृतीतून दुसरी उगवावी तशा शिवाच्या सात आकृती तीत आहेत आणि पायाशी वाद्ये वाजवणारे गण आहेत. पूजेतील मूर्ती असल्याने तिथे वही उघडण्यापूर्वी विचारावे. तिचा साचा काढून केलेली प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तिथे निवांत बसता येते. अपूर्ण काम पाहायचे असेल तर कण्हेरीचे ३४ क्रमांकाचे लेणे गाठावे. छतावर बुद्धाची अर्धवट राहिलेली चित्रे आहेत, त्यांत रेषा आधी कशी टाकली जात असे ते उघडे दिसते.

स्टुडिओत येऊन चित्रे पाहता येतात का?

येतात, आधी वेळ ठरवून, शनिवारी सकाळी ११ ते १. स्टुडिओ गिरगावातील चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहे; जिना लाकडी आणि चढाचा आहे, लिफ्ट नाही, त्यामुळे ज्येष्ठांसाठी काही चित्रे खाली ओळखीच्यांच्या ओटीवर आणून दाखवते. उत्तरेचा उजेड दुपारी समोरच्या इमारतीमुळे अडतो, म्हणून दुपारची वेळ देत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये मी बहुतेक घाटात असते आणि स्टुडिओ बंद असतो.